बारा वाजेपर्यंतचं मौन

वकिलातीत नोकरी केली असं सांगितलं की आपली माणसं दोनच प्रश्न विचारतात. पहिला, "व्हिसाचं जरा बघाल का?" आणि दुसरा, "पार्ट्या जोरात असतील, नाही?" व्हिसा माझ्या हातात कधीच नव्हता आणि पार्ट्यांमध्ये मी कोट कुठे टांगायचे ते दाखवायला उभी असायचे. मग एकोणीस वर्षं केलं काय, हे आता टोरांटोजवळ वॉनला लेकीच्या बेसमेंटमध्ये बसून नाताळच्या अंकासाठी निवांतपणे लिहिते आहे.

कॅनडाच्या राजधानीत, ओटावात, एका चिमुकल्या युरोपीय देशाच्या वकिलातीत मी सेक्रेटरी होते. देशाचं नाव सांगणार नाही. निवृत्त होताना तसं लिहून दिलंय, आणि आम्ही वसईच्या पाचूबंदरची माणसं शब्दाला पक्की. एवढंच सांगते, की नकाशावर तो देश दाखवायला बोट ठेवलं तर देश झाकला जातो आणि बोटच दिसतं. चारी बाजूंनी पाणी. कचेरी म्हणजे एका इमारतीच्या सहाव्या मजल्यावरच्या चार खोल्या. राजदूत बाई, त्यांच्या हाताखाली एक अधिकारी, मी आणि ड्रायव्हर ल्यूक. अधिकाऱ्याची जागा दीड वर्षं "लवकरच भरणार" होती. म्हणजे आम्ही तिघंच.

आमच्याकडे दर दोन महिन्यांनी मॉन्ट्रियलहून एक निवृत्त प्रोफेसर यायचे. डोक्यावर चपटी फ्रेंच बेरे टोपी, हातात वर्तमानपत्राची कात्रणं. "बोंजूर मादाम," करून बसायचे आणि विचारायचे, "आर्क्टिकबद्दल तुमच्या देशाची भूमिका काय?" पुढच्या खेपेला देवमासे. त्याच्या पुढच्या खेपेला पूर्वेकडच्या निर्बंधांबद्दल. मी फाइल काढून वाचून दाखवायचे, "आमची भूमिका युरोपीय संघाच्या सामाईक भूमिकेप्रमाणेच आहे." एकदा म्हातारा चिडला. म्हणाला, "मादाम, तुमच्या देशाला स्वतःचं मत आहे की नाही? की सगळे बसले की बसायचं आणि सगळे उठले की उठायचं?" मी हसून कॉफी पुढे केली, पण खरं सांगते, मला ते लागलं. दुसऱ्याच्या देशाचं का होईना, इतकी वर्षं मीठ खाल्लं होतं.

तर ही सामाईक भूमिका कशी शिजते ते सांगते, म्हणजे पुढचं कळेल. तेव्हा संघात अठ्ठावीस देश होते, आणि त्यातल्या बहुतेकांच्या वकिलाती ओटावात. कॅनडा सरकारला सगळ्यांनी मिळून काही कळवायचं असलं की एक वकिलात मसुदा लिहिते आणि बाकीच्यांना पाठवते. मग हा म्हणतो हा शब्द काढा, तो म्हणतो तो घाला. चार-पाच वेळा असं झालं की शेवटचा मसुदा येतो आणि त्यावर लिहिलेलं असतं: शुक्रवारी दुपारी बारापर्यंत मौन. म्हणजे बारापर्यंत कुणी काही बोललं नाही तर मजकूर सगळ्यांना मान्य. "हो" म्हणायची पद्धतच नाही. गप्प बसणं हेच हो. आणि नको असेल तर बाराच्या आत लिहायचं, "आम्ही मौन मोडतो." की सगळ्यांचं घोडं अडलं. यात गंमत अशी की मौन मोडायचा अधिकार मोठ्या देशाला जेवढा तेवढाच बोटाखाली झाकल्या जाणाऱ्यालाही. आपल्या गावच्या बैठकीत एक तरी आजोबा असा असतोच, की सगळं ठरल्यावर खाकरतो. तसं.

पण हे मला आधी कुणी सांगितलंच नव्हतं. नोकरीच्या सुरुवातीला, आधीच्या राजदूतांच्या वेळी, मी असा घोळ घातला की आजही आठवलं तर कानाच्या पाळ्या गरम होतात. मी मूळची मुंबईच्या फोर्टातल्या एका सॉलिसिटरच्या ऑफिसात घडलेली. तिथला पहिला धडा, कागद आला की पोच द्यायची. पोच न देणारा माणूस म्हणजे अडाणी. तर संघाचा मसुदा आला, खाली मौनाची वेळ होती, आणि साहेब जेवायला गेलेले. मी आपलं सगळ्यांना उत्तर ठोकून दिलं, "मसुदा मिळाला, आभारी आहोत. पाहून कळवतो."

दहा मिनिटांत फोन. मसुदा लिहिणाऱ्या वकिलातीचा अधिकारी घायकुतीला आलेला. "तुमच्या देशाची हरकत कशाला आहे?"

"हरकत? छे हो! आमची कसली हरकत?"

"मग मौन का मोडलंत?"

"मी कुठे काय मोडलं? मी पोच दिली!"

"पाहून कळवतो म्हणजे तुमचं अजून ठरायचंय! बाकी सगळे थांबलेत तुमच्यासाठी!"

सगळ्या वकिलातींना दुपारभर खोळंबून ठेवलं मी, नुसत्या सभ्यपणापायी. साहेब परतले तेव्हा टेबलावर अकरा निरोप. त्यांनी मला बोलावलं आणि शांतपणे म्हणाले, "फिलोमिना, स्थानिक कर्मचाऱ्यानं संघाच्या मेलला कधीही, कशाहीबद्दल, उत्तर द्यायचं नाही. तुम्हाला आवाज नाही." त्यांनी रागावून म्हटलं नव्हतं, नियमच सांगितला होता. पण त्यानंतर दोन वर्षं मी दुसऱ्या वकिलातीच्या नाताळच्या कार्डालाही साहेबांना विचारल्याशिवाय उत्तर दिलं नाही.

आता मुख्य गोष्ट. दोन हजार सोळा-सतराचा सुमार. कॅनडानं नुकतंच विमानं भरभरून निर्वासितांना घेतलं होतं, आणि युरोपात मात्र समुद्रातून येणाऱ्या माणसांवरून रोज भांडणं. आमच्या त्या चिमुकल्या देशाच्या किनाऱ्यावर होड्या लागत होत्या. आमच्या नव्या राजदूत बाई मच्छीमार घरातल्या. त्यांच्या धाकट्या भावानं आपल्या बोटीवर बुडणारी सतरा माणसं ओढून घेतली, आणि कुठल्या बंदरात उतरवायची यावर देशांचा वाद चालला म्हणून त्याला चार दिवस बंदराबाहेर थांबवून ठेवलं. पाणी संपलेलं, डेकवर एक बाळंतीण. बाईंनी हे मला एकदाच सांगितलं, तेही खिडकीकडे तोंड करून.

त्या हिवाळ्यात सगळ्या वकिलाती मिळून कॅनडा सरकारला स्थलांतराच्या प्रश्नावर एक निवेदन देणार होत्या. बाईंनी तीन महिने खपून त्यात सातव्या परिच्छेदात एक वाक्य घालून घेतलं: समुद्रात माणसं वाचवणाऱ्या बोटीला बंदराबाहेर थांबवू नये. बस, एवढंच. आधी ते सगळ्यांच्या सहीनं कॅनडापुढे जाऊ दे, मग तेच वाक्य युरोपात संघाच्या आपल्याच मोठ्या बैठकीत दाखवता येईल, असा त्यांचा हिशेब. त्यांच्या राजधानीतले लोक म्हणत होते, जमणार नाही. बाई म्हणत होत्या, जमवते.

गुरुवारी संध्याकाळी ऑफिस बंद झाल्यावर चौथा मसुदा आला. सोबत लिहिलं होतं, "फक्त किरकोळ भाषिक दुरुस्त्या. शुक्रवारी बारापर्यंत मौन." बाई शुक्रवारी पहाटे एडमंटनला निघायच्या होत्या, तिथल्या विद्यापीठात भाषण होतं. विमानतळावरून त्यांचा फोन आला. "फिलोमिना, तुमची ती पद्धत करून घ्या. काही बदललं नसेल तर आपण गप्प."

माझी पद्धत म्हणजे रुजुवात. सॉलिसिटरच्या ऑफिसात दोन कागद ताडून पाहायचे तर एकीनं मोठ्यानं वाचायचं, स्वल्पविरामासकट, आणि दुसरीनं दुसऱ्या कागदावर बोट फिरवायचं. कॉम्प्युटर बदल दाखवतो म्हणे. दाखवतो, पण दाखवायचं ज्यानं बंद केलं त्याचं काय? आमच्या कचेरीत दुसरी कोण? मग ल्यूकलाच बसवायचे. नदीपलीकडच्या गाटिनोचा गडी, इंग्रजी वाचायचा ते फ्रेंच झोकात, पण एक अक्षर गाळायचा नाही. "कॉमा, मादाम. पॉइंट, मादाम." एवढा धिप्पाड माणूस शाळेतल्या पोरासारखा वाचायचा.

दहा वाजता बसलो. सातव्या परिच्छेदाशी माझं बोट पुढे गेलं आणि ल्यूकचा आवाज भलतीकडेच.

"थांब. परत वाच."

परत वाचलं. वाक्य नव्हतंच. आधीचं आणि नंतरचं असं छान सांधलेलं, की मध्ये काही होतं हे कळूही नये. कुण्या मोठ्या देशानं उचलायला लावलं असणार. आणि वर म्हणे भाषिक दुरुस्ती! माझ्या तोंडून मराठीत जे निघालं ते नाताळच्या अंकात छापता येणार नाही. ल्यूकला शब्द कळला नाही पण अर्थ बरोबर कळला.

बाईंना फोन लावला. बंद. विमान हवेत. एअरलाइनला लावला, तर एडमंटनला बर्फाचं वादळ, आधीच उशिरा सुटलेलं विमान कॅलगरीकडे वळवलंय, उतरायला आपले तीन तरी वाजतील. मग त्यांच्या राजधानीला लावला. तिथे शुक्रवारची संध्याकाळ. बराच वेळ वाजल्यावर एकानं उचलला. मी घाईघाईनं सगळं सांगितलं. तो म्हणाला, "बाई, मी इथे फक्त फोन घेतो. मेल करा, सोमवारी साहेब बघतील."

"सोमवारी बघून काय दिवे लावणार? बारा वाजता संपतंय इथे!"

"मग मौन मोडा."

"मोडायला इथे अधिकारी कोण आहे?"

"ते मला माहीत नाही," म्हणाला, आणि मला वीकएंडच्या शुभेच्छा दिल्या.

साडेअकरा वाजले. मी खुर्चीत बसले आणि आधी हिशेब केला, खोटं कशाला सांगू? गप्प बसले तर मला कुणी काही म्हणणार नव्हतं. मला आवाजच नव्हता ना! आणि बोलले तर नोकरी जाणार, साठीला दोन वर्षं उरलेली. पण गप्प बसलं तर आमच्या देशानंच आपलं वाक्य सोडलं असं कागदावर कायमचं राहणार होतं. बाई तिकडे ढगांत अडकलेल्या आणि इथे त्यांच्या भावाची बोट पुन्हा बंदराबाहेर. तेवढ्यात सवयीप्रमाणे लेकीचा फोन आला. मी म्हटलं, "ऐक गं बाय, मी आता संघाचं मौन मोडणार आहे." ती म्हणाली, "मॉम, यू आर ब्रेकिंग व्हॉट?" मी म्हटलं, "नंतर सांगते."

अकरा बावन्नला मी मेल पाठवला. "आमची वकिलात मौन मोडते. सातव्या परिच्छेदातलं तिसरं वाक्य आम्हाला न कळवता काढलं आहे. ते परत घालावं." खाली माझं नाव, आणि हुद्दा स्पष्ट: सेक्रेटरी. खोटा अधिकार लावला नाही.

तीन मिनिटांत फोन. मसुद्यावाल्या वकिलातीचे कौन्सेलर, म्हणजे राजदूतांच्या खालोखालचे अधिकारी, बर्फापेक्षा थंड. "हे कुणाच्या सूचनेवरून?"

"बाई विमानात आहेत."

"मग मौन मोडलं कुणी?"

"मी."

"तुम्हाला तो अधिकार नाही."

"तुम्हाला तरी वाक्य काढायचा कुठे होता?" हे मी कसं बोलले देव जाणे. फोर्टातल्या सॉलिसिटरसारखी बोलले.

त्यांनी तीन वाजता तातडीची बैठक लावली. मी विचार केला, आता आपण जायचं का? बाई उतरल्या असत्या तर ठीक, नाहीतर आमची खुर्ची रिकामी, आणि रिकाम्या खुर्चीचं कोण ऐकतं? मी बाईंना सगळं लिहून ठेवलं, बूट चढवले. बाहेर सकाळपासून बर्फ पडत होतं. पार्किंगमध्ये गाडी पांढरी झालेली. ल्यूकनं फावड्यानं पाच मिनिटांत शोव्हल केली आणि म्हणाला, "मादाम, आज मागे बसा. बाईंच्या जागी." मी पुढेच बसले. तेवढी हिंमत नव्हती.

बैठकीच्या खोलीत लांब टेबल, प्रत्येक देशाच्या नावाची पाटी. टेबलाशी राजदूत, मागच्या भिंतीशी आम्ही लिहून घेणारे. वर्षानुवर्षं माझी जागा भिंतीशी. मी सवयीनं तिकडेच वळले. मग पाहिलं, आमच्या पाटीमागे खुर्ची मोकळी आणि सगळे तिकडे बघताहेत. मी जाऊन बसले. पदर नव्हता, नाहीतर खोचला असता.

कौन्सेलरांनी सुरुवात केली, "नियमाप्रमाणे स्थानिक कर्मचारी बोलू शकत नाहीत, म्हणून मौन मोडल्याची नोंद घेता येत नाही." तेव्हा पलीकडून उत्तरेच्या एका लहान देशाचे म्हातारे राजदूत म्हणाले, "वाक्य काढलंय की नाही? एवढं तर त्या सांगू शकतील?" मी दोन्ही मसुदे पुढे सरकवले. ते हातोहात फिरले. चारपाच जणांनी आत्ता पहिल्यांदा ताडून पाहिलं, हे त्यांच्या चेहऱ्यावरून कळत होतं. म्हणजे एवढ्या वकिलातींत रुजुवात फक्त मी आणि ल्यूकनं केली होती!

तीन वीसला सगळ्यांचे फोन एकदम वाजले. कॅलगरीच्या विमानतळावरून बाईंनी सगळ्यांना लिहिलं होतं. एकच ओळ. "आज फिलोमिना आमच्या देशाच्या वतीनं बोलतील."

कौन्सेलर म्हणाले, "ठीक आहे. मग सांगा, या एका वाक्यासाठी तुमचा देश इतका का अडून बसलाय? कोण आहेत ही माणसं, कुठून आली, हे तपासल्याशिवाय बंदरात कसं घ्यायचं?"

बाईंचा मुद्द्यांचा कागद माझ्या फाइलमध्ये होता. मी तो काढलाच नाही. मला एकदम माझे बाबा दिसले. पाचूबंदरला आमची बोट होती. वादळात दुसऱ्या गावची बोट उलटली की बाबा जाळं कापून टाकून तिकडे वळायचे. जाळं पुढे होईल, म्हणायचे. एकदा वर घेतलेल्या एकाला माझ्या काकानं विचारलं, "कुठला रे तू?" तर बाबा काकावर खेकसले होते. तेच मी इंग्रजीत सांगितलं, जसं सुचलं तसं. "आमच्याकडे दर्यातून काढलेल्या माणसाला गाव विचारत नाहीत. आधी किनारा, मग गाव. ओल्या माणसाला उभं करून चौकशी करणाऱ्याला आमच्याकडे बोटीवर घेत नाहीत." आणि म्हटलं, "तपासा ना, हवं तेवढं तपासा. पण किनाऱ्यावर."

तो उत्तरेचा म्हातारा म्हणाला, "आमच्याकडेही हेच आहे. आम्ही या देशाबरोबर." मग दक्षिणेचा एक. मग आणखी दोन. ज्या मोठ्या देशाचे प्रतिनिधी खिडकीबाहेर बर्फ बघत बसले होते, त्यांनी "थांबवू नये"च्या जागी "विनाकारण थांबवू नये" सुचवलं. मी बाईंना लिहिलं. उत्तर आलं, "चालेल. घ्या." चार वाजून दहा मिनिटांनी वाक्य परत आलं, आणि पाच वाजता निवेदन कॅनडा सरकारकडे गेलं. खाली उतरले तर ल्यूक गाडीबाहेर उभा. मी अंगठा वर केला आणि त्या बर्फात तो एवढा मोठा माणूस असा ओरडला की पहारेकरी धावत आला. मी रडत होते आणि हसत होते. आयुष्यात इतकी जिंकल्यासारखी मी लेक झाली तेव्हाच झाले होते.

एका वाक्यानं समुद्र काही बदलत नाही, हे मलाही कळतं. त्यापायी पुढे एक तरी बोट लवकर आत घेतली गेली का, हे मला शेवटपर्यंत कळलं नाही. ती खंत आहेच.

सोमवारी बाई आल्या. कोट न काढताच मला मिठी मारली, आणि मग बैठकीचा वृत्तांत पुढे ठेवला. त्यात माझं बोलणं सरकारी भाषेत उतरवलं होतं: "किनाऱ्यावर उतरवणं आधी आणि मूळ ठिकाणाची चौकशी नंतर, ही आपल्या देशाची दीर्घकालीन भूमिका असल्याचं प्रतिनिधींनी ठामपणे मांडलं."

"फिलोमिना," बाई म्हणाल्या, "आपली ही दीर्घकालीन भूमिका मी आजच वाचते आहे. कधीपासूनची?"

आता लपवून काय उपयोग? म्हटलं, "बाई, ती तुमच्या देशाची नाही. आमच्या पाचूबंदरची आहे. माझ्या बाबांची. मी वृत्तांत दुरुस्त करून मागते."

बाईंनी पुन्हा एकदा वाचलं. "खबरदार एक अक्षर बदललंत तर," म्हणाल्या, आणि राजधानीला पाठवायच्या गठ्ठ्यात तो कागद सर्वांत वर ठेवला.

वर्षभरानं त्यांच्या राजधानीतून जगभरच्या त्यांच्या सगळ्या वकिलातींना एक सूचना आली. समुद्रातल्या बचावाचा विषय निघेल तिथे आपल्या देशाची सुपरिचित भूमिका मांडावी: आधी किनारा, मग चौकशी. माझ्या बाबांना सही यायची नाही, अंगठा उठवायचे. मी तो कागद बाईंच्या टेबलावर ठेवला. त्यांनी वाचला, चष्मा काढला आणि म्हणाल्या, "तुमच्या बाबांचं नाव काय होतं?"

"पास्कू," मी म्हटलं. "पास्कू तांडेल."

बाई उभ्या राहिल्या आणि त्यांनी ते नाव मोठ्यानं म्हटलं, राजदूतांची ओळख करून देतात तसं.